घरगुती थाटाचें जहाज

मुंबईच्या धक्क्यावरून निघावें आणि तीन दिवसांनीं पुनः मुंबईच्याच धक्क्यावर उतरावें. मध्यें कोणाचें लग्न नाहीं, मुंज नाहीं, तीर्थयात्रा नाहीं, कीं कांहीं कामधाम नाहीं. अशा प्रवासासाठीं पैसे मोजणें ही गोष्ट आमच्या मातोश्रींना पटविणें किती अवघड होतें, याची कल्पना ज्यांच्या घरांत वडील माणसें आहेत त्या वाचकांस सहज येईल. "जायचें तरी कुठें?" असें त्यांनीं विचारलें. "कुठेंच नाहीं, आजी. जहाजांतच राहायचें," आमच्या कन्येनें सांगितलें. "मग घर काय वाईट आहे?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

हा बेत निघाला तो मात्र केवळ हौसेपोटीं नव्हे. आमचा पुतण्या एकोणीस वर्षांचा. येत्या ऑक्टोबरपासून त्याचें पुढील शिक्षण जर्मनींत व्हावयाचें ठरलेलें. आमची कन्या सतरा वर्षांची; तिची बारावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली. मातोश्रींना चौऱ्यांशीवें वर्ष लागलेलें. पुण्याचे धाकटे बंधु आणि आम्ही अजून एकत्र कुटुंबाचे म्हणवितों, गणपतींत व दिवाळींत एका पंगतीला बसतों. परंतु घरचीं सातहि माणसें लागोपाठ तीन दिवस एका छपराखालीं केव्हां राहिलीं होतीं, हें आठवूं गेलों तर कोणालाच सांगतां येईना. पुतण्या एकदां गेला कीं पुनः सगळीं एकत्र कधीं येतील, आणि आलीं तरी सातच्या सात असतील कीं नाहीं, हा विचार प्रत्येकाच्या मनांत होता. बोलून कोणी दाखविला नाहीं.

थंड हवेच्या ठिकाणीं जावें तर मातोश्रींच्या गुडघ्यांना चढउतार सोसत नाहीं. क्षेत्राच्या ठिकाणीं जावें तर मुलांचीं तोंडें पाहवत नाहींत. मोटारीनें हिंडावें तर रोज बिछाना बांधा आणि रोज सोडा. तेव्हां कन्येनें जहाजाचा विचार काढला. सामान एकदांच लावावें, आपण बसून राहावें, आणि चालावयाचें तें जहाजानें चालावें, हा तिचा मुद्दा आम्हांस बिनतोड वाटला.

परंतु 'जहाज' म्हणतांच घरांतील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें निराळें जहाज उभें राहिलें. बंधूंनीं विलायतेची गोष्ट काढली. 'क्वीन मेरी २' हें प्रसिद्ध जहाज २००४ सालापासून साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्यें ये-जा करतें; सात रात्रींचा तो प्रवास त्यांच्या मनांत भरला होता. भावजयीनें माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलें, आणि त्या जहाजावर कांहीं रात्रीं मेजवानीचा थाट असून पुरुषांना काळा किंवा गडद कोट घालून जेवणघरांत यावें लागतें, हें तिनें निदर्शनास आणलें. "तीन कोट शिवावे लागतील, आणि ते पुनः घालणार कोण?" एवढेंच ती म्हणाली. पुतण्यानें तर लग्नांतहि कोट घातलेला नाहीं. क्वीन मेरी तेथेंच मागें पडली.

कन्येच्या मनांत होतें तें 'आयकॉन ऑफ द सीज'. जानेवारी २०२४ पासून मायामीहून निघणारें हें जहाज म्हणजे वीस मजल्यांचें एक शहरच. पूर्ण भरलें म्हणजे त्यांत ७,६०० उतारू मावतात. पाण्याच्या घसरगुंड्या, पोहण्याचे तलाव, नाटकगृहें; काय नाहीं असें नाहीं. पण मायामीपर्यंतचें विमानभाडें ऐकूनच तो विषय मिटला, आणि खरें सांगावयाचें तर ७,६०० माणसांच्या गर्दींत आपलीं सात माणसें शोधण्यांतच सुटी संपेल, अशी आम्हांस धास्ती वाटली.

या दोन टोकांमधून आम्हांस एक गोष्ट मात्र उमगली. जहाज निवडतांना आधीं बंदर पाहूं नये, जहाजाची राहणी पाहावी. पूर्वीं अशा जहाजांवर जेवणाची वेळ ठरलेली, बसण्याची जागा ठरलेली आणि पोशाखहि ठरलेला असे. २००० सालीं नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीनें ही चाल बाजूला सारून, वाटेल तेव्हां जेवा आणि नीटनेटके कसेहि या, अशी पद्धत सुरू केली. पुढें इतरांनींहि थोड्याफार फरकानें तिचें अनुकरण केलें. ज्या घरांत आजी नऊवारी नेसते आणि नातू अर्ध्या विजारींत वावरतो, त्या घराला पहिल्या खेपेस असेंच घरगुती थाटाचें जहाज पाहिजे. मातोश्रींचा पहिला व्यावहारिक प्रश्नहि हाच होता : "नऊवारी चालेल ना रे?"

हा प्रश्न ऐकून त्यांचा नकार मावळला असें आम्हीं समजलों. पण तो आमचा भ्रम होता. मोठें जहाज डुलत नाहीं, बोट लागण्याचें भय नाहीं, असें आम्हीं सांगूं लागलों, तेव्हां त्या म्हणाल्या, "बोट लागण्याला कोण भितें? लहानपणीं लागलीच आहे." आणि मग बराच वेळ बोलल्या नाहींत. खरें कारण आम्हांस ठाऊक होतें. पण इतक्या वर्षांत त्याचा उच्चार आमच्या घरांत क्वचित् झाला असेल.

मातोश्रींचें माहेर अलिबागेकडचें. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही आगबोट रेवसला जाण्यास निघाली. आषाढाची अखेर होती. बोट गर्दीनें भरलेली होती. काशाच्या खडकाजवळ ती वादळांत सांपडून कलंडली आणि कांहीं मिनिटांत बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. मातोश्रींचे धाकटे काका त्या बोटीवर होते. मातोश्री तेव्हां सहा वर्षांच्या होत्या. काका येतांना खाऊ आणणार म्हणून त्या ओटीवर बसून राहिल्या होत्या, एवढेंच त्यांनीं आम्हांस आयुष्यांत दोनदां सांगितलें आहे.

अशा माणसाला जहाजावर नेण्याचा आग्रह धरावा कीं नाहीं, याविषयीं आमचें मन द्विधा झालें. आम्हीं बेत सोडूनहि दिला होता. पण पुतण्यानें तो सोडला नाहीं. चार दिवस तो कांहीं तरी वाचीत बसला, आणि एका संध्याकाळीं आजीजवळ पाट घेऊन बसला. त्यानें सांगितलें तें थोडक्यांत असें : १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडाल्यावर १९१४ मध्यें निरनिराळ्या राष्ट्रांनीं मिळून समुद्रावरील जीविताच्या रक्षणाचा पहिला करार केला. पुढें त्यांत वेळोवेळीं सुधारणा झाल्या. जानेवारी २०१२ मध्यें इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कोंकॉर्डिया' खडकावर आपटून ३२ माणसें दगावलीं. संकटकाळीं कोठें जमावें याची तालीम नव्या उतारूंना चोवीस तासांच्या आंत दिली म्हणजे पुरे, असा तोंवर नियम होता. त्यामुळें त्या दिवशीं चढलेल्या पुष्कळांना ती मिळालीच नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आतां ही तालीम जहाज सुटण्यापूर्वीं, किंवा फार तर सुटतांच, द्यावी लागते. मोठ्या जहाजांना पाण्याखालीं दोन्ही बाजूंस पंख असतात. ते जहाजाचें डुलणें कमी करतात. आणि अरबी समुद्र खवळतो तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत. आपण जावयाचें तें त्याआधीं.

मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें. "आमच्या काकांची बोट जुलैंत कां सोडली रे मग?" असें त्यांनीं विचारलें. त्या एकोणीस वर्षांच्या मुलानें सारवासारव केली नाहीं. "सोडायला नको होती, आजी," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं देवपूजा आटोपल्यावर त्यांनीं आम्हांस बोलावून सांगितलें, "मी येत्यें."

मग खरी निवड सुरू झाली. आमच्यापुढें तीन मार्ग होते. पहिला सिंगापूरचा. तेथील मरीना बे येथें २०१२ सालीं उघडलेल्या धक्क्यावरून मोठमोठीं जहाजें निघतात, आणि मलाया व सयामकडील बंदरें तीन-चार दिवसांत दाखवून आणतात. मुलांना तो पसंत होता. परंतु सात माणसांचें विमानभाडें, सातांचे परवाने, आणि मातोश्रींच्या पासपोर्टाची मुदत संपलेली. शिवाय अशा जहाजांवर नोकरवर्गाचें बक्षीस म्हणून दर माणशीं दर दिवशीं ठराविक रक्कम हिशोबांत धरतात, ती निराळीच. पहिल्या खेपेस एवढा पसारा नको असें ठरलें.

दुसरा मार्ग मुंबईहून लक्षद्वीपचा. निळें पाणी आणि पांढरी वाळू यांचीं चित्रें पाहून सगळेच मोहित झालों. पण त्या बेटांभोंवतीं पोवळ्यांचे खडक असल्यामुळें मोठें जहाज दूर उभें राहतें, आणि उतारूंना लहान होडींतून किनाऱ्याला नेतात. मातोश्रींनीं हें ऐकतांच ओळखलें. "म्हणजे पडावच कीं!" त्या म्हणाल्या. कोंकणबोटीच्या काळांत किनाऱ्यावरच्या कित्येक बंदरांत आगबोट खोल पाण्यांत थांबे आणि माणसें पडावांत उतरत, तो प्रसंग त्यांना आठवला. त्यांच्या गुडघ्यांना हेलकावणाऱ्या होडींत उतरणें झेपणारें नव्हतें, आणि त्यांना जहाजावर एकटें ठेवून बाकीच्यांनीं वाळूंत खेळावें हें कोणाच्याच मनाला येईना.

राहिला तिसरा मार्ग, मुंबई ते गोवा आणि परत. २०२१ सालच्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया या कंपनीनें 'एम्प्रेस' नांवाचें जहाज मुंबईहून सुरू केलें. जहाज नवें नव्हे. १९९० सालीं फ्रान्समध्यें बांधलेलें, २११ मीटर लांब, सुमारें १,८०० उतारू घेणारें. मायामीच्या महाकाय जहाजापुढें तें वाड्यापुढच्या पडवीसारखें. पण शाकाहारी व जैन जेवणाची सोय आहे, कोटाची सक्ति नाहीं, आणि गोव्याला धक्क्यालाच लागत असल्यानें होडींत उतरावें लागत नाहीं. दोन रात्रींची फेरी होती आणि तीन रात्रींचीहि होती. आम्हीं तीन रात्रींची घेतली. कारण तींत एक सबंध दिवस जहाज कोठेंहि न थांबतां समुद्रांत असतें. लोक तो दिवस फुकट गेला असें समजतात. आम्हांस तोच पाहिजे होता.

पैशाच्या बाबतींत एक अनुभव नमूद करणें अवश्य आहे. ज्या दलालाकडे आम्हीं प्रथम गेलों त्यानें सांगितलेला आंकडा ऐकून आम्ही खूष झालों. कन्येनें कागदावरील बारीक अक्षरें वाचलीं, तेव्हां बंदराचा आकार, सरकारी कर आणि इतर एक-दोन रकमा त्यांत धरलेल्याच नव्हत्या असें आढळलें. सर्व मिळून बेरीज जवळजवळ दीडपट झाली. तेव्हां दर माणशीं भाडें विचारूं नये. घरांतून निघून घरीं परत येईपर्यंत सर्व मिळून किती, असें विचारावें आणि तें लिहून घ्यावें.

खोल्यांचा प्रश्न मातोश्रींनीं सोडविला. आमच्या मनांत मुलांना निराळ्या खोल्या द्याव्या असें होतें. आंतल्या बाजूच्या खोल्या स्वस्त असतात, पण त्यांना खिडकी नसते. सकाळ झाली कीं रात्र आहे तेंहि कळत नाहीं. मातोश्री म्हणाल्या, "नातवंडें माझ्याबरोबर निजतील." तेव्हां त्या तिघांना समुद्र दिसणारी, जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली घेतली, जहाजाचें डुलणें मध्यावर व खालीं सर्वांत कमी जाणवतें. भिंतींतून उघडणाऱ्या वरच्या फळीवर पुतण्यानें निजावें असें ठरलें. आम्ही थोरांनीं बिनखिडकीच्या खोल्या घेतल्या.

येथवर सर्व सुरळीत झालें. खटका उडाला तो निराळ्याच गोष्टीवरून. जहाजावर मद्यगृह असतें, जुगाराचें दालन असतें, रात्रीं उशिरापर्यंत गाणें-नाचणें चालतें. बहुतेक जहाजांवर तरुणांसाठीं निराळी खोली असते. पण तिची वयोमर्यादा सामान्यतः सतराव्या वर्षीं संपते. म्हणजे आमची कन्या तिच्यांत आणि एकोणीस वर्षांचा भाऊ बाहेर. आम्हीं एक कागद घेतला आणि कोणीं किती वाजतां कोठें असावें, कोणत्या मजल्यावर जाऊं नये, दर तासाला कोणाला भेटावें, याचें टांचण करूं लागलों. कन्येनें तें पाहिलें. ती शांतपणें म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्यासाठीं जहाज निवडतां आहांत, कीं पहारा?"

आम्हांस राग आला. "अजून तुम्ही लहान आहांत," असें आम्हीं बोलून गेलों. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. उठून गच्चींत गेला. सहा महिन्यांनीं जो मुलगा परक्या देशांत एकटा राहणार, स्वतःचा स्वयंपाक करणार, त्याला आम्ही २११ मीटर लांबीच्या जहाजावर दर तासाला हजेरी लावण्यास सांगत होतों! रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आनंदीबाई जोशी यांची आठवण झाली. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून अमेरिकेस जाण्यासाठीं जहाजावर चढल्या, तेव्हां त्यांना अठरावें वर्ष पुरें होऊन एकच आठवडा झाला होता. समुद्र ओलांडणें म्हणजे जातीबाहेर जाणें, असा तो काळ. नवरा बरोबर नाहीं, आहार शाकाहारीच ठेवण्याचा निश्चय; अशा स्थितींत जवळजवळ दोन महिने प्रवास करून त्या ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या आणि तीन वर्षांत डॉक्टर झाल्या. त्यांच्या चरित्राचें पुस्तक आम्हींच मुलीच्या हातीं दिलें होतें. दुसऱ्यांच्या मुलींच्या धैर्याचें कौतुक करणें सोपें असतें.

सकाळीं मातोश्रींना विचारलें. त्या म्हणाल्या, "आमच्या वाड्यांत चाळीस माणसें होतीं. दिवसभर कोणतें पोर कोठें आहे हें कोणी विचारीत नसे. पण रात्रीं पंगत बसली आणि एक पाट रिकामा दिसला, कीं सगळ्यांचे हात थांबत. तेवढ्यानें आम्ही वेळेवर येत असूं." आम्हीं टांचण फाडलें. नियम एकच ठेवला : दिवसां कोणीं कोठेंहि असावें, रात्रीं आठ वाजतां सातहि पाट भरलेले पाहिजेत.

निघण्याच्या आदल्या दिवशीं मातोश्रींना समुद्राला नारळ द्यावयाचा होता. जहाजावरून कांहींहि पाण्यांत टाकण्यास मनाई असते. म्हणून त्यांना गिरगांव चौपाटीवर नेलें. त्यांनीं नारळ पाण्यांत सोडला, हात जोडले आणि हळूच कांहीं म्हणाल्या. आम्हीं विचारलें नाहीं.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर इतर मंडळी गच्चीकडे धांवली. मातोश्रींनीं आधीं खोलींतलें कपाट उघडविलें. त्यांत नारिंगी रंगाचीं तरंगण्याचीं जाकिटें होतीं. त्यांनीं तीं हातानें मोजलीं. "तीन माणसें, तीन जाकिटें," असें म्हणून कपाट लावलें. नंतर तालमीची सूचना झाली. जमण्याच्या जागीं खलाशानें जाकीट कसें बांधावें तें करून दाखविलें, तेव्हां आजूबाजूचीं माणसें आपापल्या फोनांत गुंग होतीं. मातोश्री मात्र शाळेंतील पोरीसारख्या टक लावून पाहत होत्या. तालीम संपल्यावर त्यांनीं त्या खलाशाला हिंदींत विचारलें, "सबके लिये है ना, बेटा?" तो म्हणाला, "हां माजी, सबके लिये." त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

जहाज बंदराबाहेर पडूं लागलें तेव्हां ऊन उतरलें होतें. मातोश्री नातवाचा हात धरून रेवसच्या बाजूच्या कठड्याशीं उभ्या राहिल्या. काशाचा खडक नेमका कोठें तें आम्हांस दाखवितां आलें नाहीं. त्यांनींहि विचारलें नाहीं. पुढें खांदेरीचा दीप लागला. १८६७ सालापासून तो त्या बेटावर जळतो आहे. "हा मीं लहानपणीं घरच्या किनाऱ्यावरून पाहिला आहे," त्या म्हणाल्या, "इकडून कसा दिसतो तें आज कळलें." नातवानें त्यांच्या खांद्यावर शाल घातली.

रात्रीं आठाला आम्ही जेवणघरांत पोंचलों. शेजारच्या मेजावर अर्ध्या विजारींतले तरुण होते. मातोश्री हिरव्या नऊवारींत त्यांच्यामध्यें शोभून दिसत होत्या. आठ वाजून तीन मिनिटें झालीं तरी पुतण्या आला नाहीं. कोणी बोललें नाहीं, पण ताटांतला हात कोणीच हलविला नाहीं. पांच मिनिटांनीं तो धांवत आला, रिकामी खुर्ची आणि सहा थांबलेले हात त्यानें पाहिले, आणि कांहीं न बोलतां बसला. पुढच्या दोन्ही रात्रीं तो आमच्या आधीं हजर होता.

गोवा पाहिला, पण त्याचें वर्णन येथें करीत नाहीं. तें इतरत्र पुष्कळ आहे. लक्षांत राहिला तो समुद्रांतला मधला दिवस. किनारा मागें पडतांच फोन मुका झाला, आणि जहाजावरचें इंटरनेट निराळे पैसे देऊन विकत घ्यावयाचें होतें. मुलांनीं तें घेतलें नाहीं. तिसऱ्या प्रहरीं खालच्या खोलींत डोकावलों, तों आजी मध्यें, दोन्ही बाजूंस नातवंडें, आणि आलेपाकाच्या वड्या खात आजी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें, अशीं कोंकणबोटीचीं बंदरें क्रमानें म्हणवून घेत होती. पुतण्या विजयदुर्ग विसरला कीं पुनः पहिल्यापासून. आम्ही दार तसेंच लोटून वर गेलों.

ज्या घरांत मुलें मोठीं होत आलीं आहेत आणि समुद्राचा प्रवास प्रथमच करावयाचा आहे, त्यांनीं आमच्याकडून इतकेंच घ्यावें : फेरी लहान असावी, जहाज घरगुती थाटाचें असावें, महिना पाहून निघावें, खर्चाची बेरीज लिहून घ्यावी, आणि निवडींत मुलांना हात घालूं द्यावा. आमच्या मुलांनीं आमच्याहून अधिक बारकाईनें वाचलें, आणि जें आजीला सांगावयाचा धीर आम्हांस झाला नव्हता तें त्यांनीं सांगितलें.

ऑक्टोबरांत पुतण्या जर्मनीस जाईल. परवां त्यानें आपल्या सामानाची यादी केली. तिच्यांत शेवटची नोंद आजीच्या हस्ताक्षरांत आहे : 'रात्रीं आठ वाजतां फोन करणें.' दोन्ही देशांच्या घड्याळांत अंतर आहे, तेव्हां आठ कोणाचे, असें आम्हीं विचारलें. मातोश्री म्हणाल्या, "आपले. पाट इथें आहे."